जाम झालेला नळ: पाना लावण्याआधी काय बघायचं

आमच्या बाथरूममधला बादलीवरचा नळ दर आठ-दहा महिन्यांनी ठिबकायला लागतो. दुरुस्ती तशी दहा मिनिटांची. हँडल काढा, आतला स्पिंडल (हँडलने फिरून पाणी उघडबंद करणारा भाग) काढा, नवा बसवा, संपलं. व्हिडिओतला माणूस तर बोलता बोलता दोन बोटांनी नट फिरवतो आणि स्पिंडल त्याच्या हातात येतो. आमच्याकडे हँडल निघायलाच अर्धा तास जायचा, नट हलायचा नाही, आणि शेवटी प्लंबरला फोन. तो मोठ्या पाईप पान्याने एक हिसका द्यायचा, नट सुटायचा, आणि क्रोमवर पान्याचे दात कायमचे उमटायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तीन-चार फेऱ्या झाल्यावर डोक्यात उजेड पडला की ठिबकणं ही एक तक्रार आहे आणि जाम होणं ही दुसरी. ठिबकणं नव्या स्पिंडलने थांबतं. जाम होण्याची तयारी मात्र आपण दर वेळी नळ परत जोडताना करून ठेवतो: कोरडे आटे, लोखंडी स्क्रू, आणि "अजून थोडा आवळते" असं म्हणत दिलेला शेवटचा पीळ. त्यामुळे या टिपणातला सगळ्यात कामाचा भाग खरं तर शेवटी आहे. पण तुमचा नळ आत्ता अडकलेला असणार, म्हणून आधी तो सोडवू.

आम्ही पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला राहतो. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरमध्ये पांढरी खपली धरते, असं पाणी. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस 10500, पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हणतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. आकडा तुमच्याकडे कितीही असो, नळाच्या नटाभोवती पांढरी कड दिसत असेल तर आतल्या आट्यांत काय चाललंय ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. गरम पाण्याच्या नळावर ही कड आणखी जाड असते, कारण पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना लवकर बाहेर पडतो.

कशाने अडकलंय?

पाना उचलण्याआधी बॅटरी घेऊन नळाकडे नीट बघा. पुढे काय करायचं ते सगळं यावर ठरतं.

पांढरा किंवा पिवळसर, दगडासारखा थर असेल तर तो क्षार, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की खात्री पटली. याला आंबट काहीतरी लागतं, तेलाने तो हलत नाही.

तांबूस-तपकिरी डाग असतील, आणि तेही स्क्रूच्या डोक्याभोवती, तर तो गंज. नळ पितळेचा असतो, पितळ गंजत नाही. गंजतो तो हँडलचा लोखंडी स्क्रू. ओलाव्यात पितळेला चिकटून बसलेलं लोखंड एकट्या लोखंडापेक्षा लवकर खराब होतं, त्यामुळे या स्क्रूची अवस्था कायम वाईटच असते. इथे झिरपणारं तेल कामाला येतं.

हिरवट-निळसर पूड दिसली तर ती पितळेतल्या तांब्याची. दिसायला भयंकर, सुटायला सोपी. बहुतेक वेळा क्षारासोबतच असते आणि त्याच्याबरोबर निघते.

जुन्या इमारतीत लोखंडी जीआय पाईप असतील आणि आट्यांतून केसासारखे धागे डोकावत असतील तर ती सफेदा लावलेली सुतळी. वाळून सिमेंटसारखी झालेली असते. व्हिनेगर आणि तेल दोन्ही तिच्यापुढे फारसं काही करत नाहीत. इथे ठोके आणि चिवटपणा.

आणि कधी कधी काहीच दिसत नाही. नळ स्वच्छ, नट चकचकीत, तरी सुटत नाही. तो कुणीतरी मनापासून आवळलेला असतो. आमच्या घरात ते "कुणीतरी" मीच होते.

सुरुवातीची तयारी

पाणी गच्चीवरच्या टाकीपासून किंवा डक्टमधल्या व्हॉल्व्हपासून बंद करा. बाथरूममधल्या कन्सील्ड कॉकवर (भिंतीत लपवलेल्या, पाणी बंद करायच्या कॉकवर) भरवसा ठेवायचा असेल तर आधी तो बंद करून नळ पाच मिनिटं उघडा ठेवा आणि बघा. आमचा बंद केला तरी पेन्सिलीएवढी धार सोडतो. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. हँडलचा स्क्रू जाळीतून खाली गेला की त्या दिवसाचं काम संपलं, कारण तसाच स्क्रू दुकानात सुटा मिळत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. एक स्क्रू पाना (ज्याचा जबडा चाकाने कमीजास्त होतो तो), एक पाईप पाना, ॲलन कीचा (षटकोनी वाकड्या चाव्यांचा) संच, चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, लहान हातोडी, लाकडाचा तुकडा आणि जुन्या सायकल ट्यूबची हातभर पट्टी. ही ट्यूब पंक्चरवाल्याकडे मागितली तर तो हसत फुकट देतो. पान्याच्या जबड्यात ती घातली की क्रोमवर ओरखडा येत नाही, आणि नुसती गुंडाळून हाताने पिळलं तरी गुळगुळीत गोल भागावर अशी पकड बसते की बऱ्याचदा पाना लागतच नाही.

आधी आंबट, मग तेल

हा क्रम मी बरीच वर्षं उलटा करत होते. नळ जाम दिसला की पहिला हात स्प्रेकडे जायचा. पण क्षारावर तेलाचा पापुद्रा बसला की नंतर ओतलेलं व्हिनेगर त्या क्षाराला शिवतच नाही. म्हणून आधी व्हिनेगर, मग धुऊन कोरडं करणं, मग तेल.

व्हिनेगर वाण्याकडचं साधं पांढरं चालतं. त्यात जुनं सुती फडकं भिजवून नटाभोवती गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधायची, म्हणजे ते वाळत नाही. अर्ध्या तासाने काढा, जुन्या टूथब्रशने घासा, थर उरला असेल तर पुन्हा गुंडाळा. व्हिनेगर कोमट केलं तर काम लवकर होतं. त्याऐवजी सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व, पेलाभर गरम पाण्यात दोन चमचे टाकूनही चालतं, आणि त्याला वासही नसतो. रात्रभर मात्र ठेवू नका. क्रोमची चमक जाते, आणि क्रोम उडालेल्या जागी पितळ गुलाबी दिसायला लागतं, म्हणजे त्यातलं जस्त निघून चाललेलं असतं.

फरशीकडे लक्ष असू द्या. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत. व्हिनेगरला नळावरचा चुना आणि फरशीतला चुना यातला फरक कळत नाही. आमच्या बेसिनखालच्या कडप्प्यावर पांढुरका ओघळ आहे, तो माझ्याच हातचा.

संडास साफ करायचं ॲसिड वापरायचा मोह होतो, कारण ते क्षण दोन क्षणांत क्षार खातं. ते क्रोमही खातं. शिवाय आदल्या दिवशी त्याच मोरीत ब्लीच ओतलेलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. त्या बाटलीला या कामात हात लावू नका.

तेलाचं सांगायचं तर, डब्ल्यूडी-40 नावाचं स्प्रेचं तेल घराघरात असतं. त्याच्या नावाचा अर्थच "पाणी हटवणारं, चाळिसावं मिश्रण" असा आहे. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. अडकलेला स्क्रू सोडवायला ते चालतं, पण वेळ द्यावा लागतो. फवारलं आणि लगेच पाना लावला तर ते आट्यांत शिरलेलंच नसतं. मी रात्री जेवणानंतर फवारते, वर लाकडाचा तुकडा धरून दहा-पंधरा हलके ठोके देते, आणि सकाळी चहा झाल्यावर पाना हातात घेते. ठोक्यांनी थराला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून आत जातं.

हँडल निघत नाही

हँडलवरची लाल-निळी टिकली नखाने किंवा ब्लेडने हलकेच उचला. खाली स्क्रू असतो. टिकली नसेल तर हँडलच्या बुडाशी, खालच्या किंवा मागच्या बाजूला, बारीक भोक शोधा. त्यात ॲलन कीने फिरणारा, बिनडोक्याचा ग्रब स्क्रू असतो, बहुधा अडीच किंवा तीन मिलिमीटरचा. ते भोक साबण आणि क्षाराने बुजलेलं असतं, म्हणून कित्येकांना ते सापडतच नाही आणि ते हँडल ओढत बसतात. आधी टाचणीने भोक कोरून साफ करा. की पूर्ण आत बसली असं हाताला जाणवल्याशिवाय फिरवू नका. अर्धवट बसलेली की स्क्रूचे कोपरे गोल करून टाकते.

स्क्रू निघाला तरी हँडल जागचं हलत नाही, ही नेहमीची गंमत. हँडलच्या आत बारीक दाते असतात, ते स्पिंडलच्या दात्यांवर घट्ट बसतात, आणि मधल्या फटीत क्षार भरतो. इथे लोक दोन स्क्रू ड्रायव्हर टाईलवर टेकवून हँडल उचकटतात. कधी टाईलचा टवका उडतो, कधी हँडल चिरतं. त्यापेक्षा स्क्रूच्या भोकातून कोमट व्हिनेगर थेंब थेंब सोडा, अर्धा तास थांबा. मग उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं हँडलभोवती दोन मिनिटं धरा (हातमोजा घालून). हँडल तापून किंचित फुगतं, आतला स्पिंडल अजून थंड असतो. मग हँडलच्या मागून नाडीसारखी मजबूत पट्टी घाला, तिची दोन्ही टोकं हातात धरा आणि सरळ आपल्याकडे ओढा. एका बाजूने ओढलं की हँडल तिरकं होऊन जास्तच रुततं.

तरी हटत नसेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे बेअरिंग काढायचा दोन पायांचा छोटा पुलर असतो, तो घ्या. त्याच्या मधल्या स्क्रूचं टोक स्पिंडलवर येतं, पाय हँडलला मागून धरतात. पण आधी हँडलचा स्क्रू पुन्हा दोन-तीन आटे फिरवून ठेवा आणि पुलरचं टोक त्याच्या डोक्यावर टेकवा. नाहीतर ते स्पिंडलच्या भोकात शिरून आतले आटे बिघडवतं.

स्क्रूचं डोकंच घासलं असेल तर जाड रबरबँड मध्ये ठेवून ड्रायव्हर दाबा. नाहीच जमलं तर हॅक्सॉच्या ब्लेडने डोक्यावर नवी खाच पाडा आणि चपट्या ड्रायव्हरने फिरवा. तेही फसलं तर ड्रिलने डोकं उडवा. हँडल निघाल्यावर उरलेला दांडा पक्कडीत धरता येतो, आणि आता त्यावर डोक्याचा ताण नसल्यामुळे तो आश्चर्य वाटेल इतका सहज फिरतो.

स्पिंडलचा नट

पहिली गोष्ट, जी मला हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांनी सांगितली. मी तिसऱ्यांदा स्पिंडल घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, सोडवताना नळ उघडा ठेवता की बंद?" मी म्हटलं, बंद, पाणी उडायला नको म्हणून. ते म्हणाले, "पाणी वरून बंद केलंय ना? मग नळ अर्धा उघडा. बंद नळात स्पिंडल सीटवर, म्हणजे आतल्या पाणी अडवणाऱ्या कडेवर, दाबून बसलेला असतो, तुम्ही त्याला दाबूनच सोडवताय." वायसरच्या (रबरी चकतीच्या) जुन्या फुल टर्न नळाला हे पुरेपूर लागू पडतं. अर्ध्या-पाव फेऱ्याच्या डिस्कवाल्या स्पिंडलला तेवढं नाही, पण तिथेही नुकसान काही नाही.

दुसरी गोष्ट दोन पान्यांची. नट फिरवता तेव्हा नळाचं अंगही त्याच दिशेने फिरू बघतं, आणि अंग फिरलं की भिंतीतला पाईप पिळला जातो. म्हणून ट्यूब गुंडाळलेल्या पाईप पान्याने नळाचं अंग डाव्या हाताने धरून ठेवा, आणि उजव्या हातातल्या स्क्रू पान्याने नट फिरवा. दोन्ही दांडे एकमेकांच्या जवळ, मुठीएवढ्या अंतरावर असतील असे लावा आणि मूठ आवळल्यासारखे एकत्र आणा. असा जोर दोन हातांतच राहतो, भिंतीपर्यंत जात नाही. कोपऱ्यातल्या नळाला एवढी जागा नसते. तिथे दुसऱ्या माणसाला अंग धरायला सांगा. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात आणि त्यांची पकड माझ्याहून चांगली आहे.

तिसरी गोष्ट विचित्र वाटेल: सोडवण्याआधी नट केसभर आवळा. अगदी केसभर, टक् असा आवाज येईल किंवा हाताला हलका झटका जाणवेल इतपतच. आट्यांत बसलेला क्षार त्या हालचालीने मोडतो. मग उलट फिरवा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडवा, मध्ये तेलाचा थेंब. घाईने एकाच दिशेने ओढलं तर मोडलेला क्षार पुढच्या आट्यांत जाऊन पाचर बसते.

स्क्रू पान्याचा जबडा नटाला चिकटून बसलाय ना, ते प्रत्येक वेळी तपासा. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पुढचे सगळे उपाय जास्त खर्चाचे असतात.

अख्खा नळच भिंतीतून काढायचा असेल

इथे थांबून एकदा स्वतःला विचारा की खरंच काढायचाय का. ठिबकणाऱ्या नळाचा बहुतेक वेळा स्पिंडल बदलला की भागतं. अंगाला तडा गेला असेल किंवा सीट खड्डे पडून गेली असेल तरच नळ भिंतीतून काढा.

हे मी ठणकावून सांगते कारण दोन वर्षांपूर्वी मी नुसता जुना दिसतो म्हणून नळ बदलायला घेतला. पाईप पाना लावला, जोर दिला, काही नाही. दांड्यावर लोखंडी नळीचा तुकडा चढवून लांबी वाढवली, पुन्हा जोर दिला. नळ फिरला. मला आनंद झाला, पण तो भिंतीसकट फिरला होता. आतून कट् असा आवाज आला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीच्या भिंतीवर ओल आली. दोन टाईल फोडल्या, भिंत खणली, एल्बो (भिंतीतला वाकडा जोड) बदलला. त्या रंगाची टाईल आता कुठेही मिळत नाही, त्यामुळे आमच्या बाथरूममध्ये नळाखाली दोन चौकोन वेगळ्याच रंगाचे आहेत.

झालं असं की आजकालच्या भिंतीत सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे, पाईप असतात. नळ जिथे बसतो त्या एल्बोत पितळेचे आटे प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेले असतात. नळ आणि पितळ एकमेकांना घट्ट धरून बसले की पान्याचा सगळा पीळ पितळ आणि प्लास्टिक यांच्या सांध्यावर येतो, आणि तो सांधा पिळासाठी बनवलेलाच नाही.

आता मी असं करते. भिंतीलगतची गोल फ्लँज (झाकणारी चकती) मागून सरकवून पुढे आणते, म्हणजे एल्बोचं पितळी तोंड दिसतं. त्या तोंडापासून टाईलपर्यंत पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढते. मग दोन मिनिटं लहान लहान झटके, एकच लांब ओढ नाही. प्रत्येक झटक्यानंतर रेघ बघते. रेघ तुटली, म्हणजे तोंडावरची अर्धी रेघ टाईलवरच्या अर्ध्या रेघेपासून सरकली, की पाना खाली. त्यापुढचा प्रत्येक झटका टाईलच्या खात्यात जमा होतो. नळ आणि भिंत यांच्यामध्ये पितळी एक्स्टेंशन (जोडतुकडा) असेल तर ते दुसऱ्या पान्याने धरा, तेवढा पीळ तिथेच थांबतो.

गरम करायचं असेल तर केस वाळवायचा ड्रायर, तोही नळाच्या अंगावर, भिंतीवर नाही. सीपीव्हीसी 93 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, साधं यूपीव्हीसी तर 60 च्या पुढे मऊ पडतं. गॅसची बत्ती भिंतीतल्या प्लास्टिकजवळ आणली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. जुने जीआय पाईप असतील तर गोष्ट निराळी, तिथे बत्ती चालते, पण मग तिथे गंजून कागदासारखा झालेला पाईप तुटायची भीती असते.

एक्स्टेंशन किंवा नळाचा दांडा तुटून अर्धा तुकडा भिंतीतच राहिला तर घाबरू नका. अर्ध्या इंची आट्याचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर असतो आणि इंचाला 14 आटे असतात, म्हणजे आटे बऱ्यापैकी ठसठशीत आहेत, डोळ्याला दिसतात. हॅक्सॉचं ब्लेड एका टोकाला फडक्याने गुंडाळून हातात धरा आणि तुकड्याच्या आतून बाहेरच्या दिशेने दोन चिरा पाडा, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. दर चार-पाच घासांनी बॅटरीने बघा. एल्बोच्या आट्यांची टोकं चमकायला लागली की लगेच थांबा. मग दोन चिरांमधली पट्टी छोट्या छिन्नीने आत दुमडा. वर्तुळ तुटलं की उरलेला तुकडा सैल पडतो आणि पक्कडीने फिरवून काढता येतो. पहिल्यांदा मला यासाठी दीड तास लागला, पण एल्बो वाचला.

बेसिनखालचा चेक नट

बेसिनचा नळ ओट्याला खालून एका नटाने, म्हणजे चेक नटाने, धरलेला असतो. तिथे हात पोचत नाही, पाना फिरत नाही, आणि वरून क्षाराचं पाणी झिरपून नट दगड झालेला असतो. आडवं पडून वर बघत काम करायचं, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. सुटलेला क्षार थेट डोळ्यात पडतो.

यासाठी लांब दांड्याचा, वरचा जबडा आडवा वळलेला बेसिन पाना मिळतो. भाड्याने मागायचा तर प्लंबरकडे मागा. नट प्लास्टिकचा असेल तर हातोडी नको, तडकला तर दुसरा लावा, स्वस्त असतो. पितळी नट हलतच नसेल तर त्याच्या एका बाजूला हॅक्सॉच्या ब्लेडने उभी चीर पाडा आणि चपटा ड्रायव्हर चिरीत घालून पिळा. नट फाकतो. नळ तसाही टाकून द्यायचा असेल तर यात काही वाईट नाही.

एका दांड्याचा मिक्सर

गरम-थंड पाणी एकाच दांड्याने मिसळणाऱ्या नळाचा दांडा काढल्यावर खाली एक घुमटासारखं झाकण असतं, ते आट्यांचं असतं आणि नुसत्या सायकल ट्यूबने सुटतं. पाना लावला तर घुमट चेपतो आणि मग कधीच सुटत नाही. त्याखाली मोठा नट, आणि त्याखाली कार्ट्रिज, म्हणजे इथे स्पिंडलचं काम करणारा डबीसारखा भाग, साधारणपणे 35 किंवा 40 मिलिमीटरचं. ते क्षाराने चिकटलेलं असतं. डावी-उजवीकडे हलवत सरळ वर उचला. बुडाला दोन छोट्या खुंट्या असतात, जोरात पिळलं तर त्या मोडतात आणि मोडलेला तुकडा खालच्या भोकात अडकतो. नवं आणायला जाताना जुनं सोबत न्या. नुसता व्यास सांगून भागत नाही, खुंट्यांची जागा आणि दांड्याची उंचीही जुळावी लागते.

तोंडावरची जाळी सुटत नसेल तर व्हिनेगर भरलेली पिशवी नळाच्या तोंडाला अर्धा तास बांधून ठेवा, मग सायकल ट्यूबने फिरवा. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

अँगल कॉक (भिंतीलगतचे, पाणी बंद करायचे छोटे कॉक) वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम होतात. त्यांना जोर देऊ नका, आतला दांडा मोडला की पाणी ना बंद होतं ना उघडं. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. मी गणपतीच्या साफसफाईत आणि होळीच्या आसपास करते, म्हणजे लक्षात राहतं.

परत जोडताना

आता तो भाग ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

निघालेले सगळे पितळी भाग सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, घासा, धुवा, पूर्ण कोरडे करा. नळाच्या आतले आटेही टूथब्रशने साफ करा. एक जरी खपली राहिली तर नवा स्पिंडल तिच्यावर तिरका चढतो. पहिले दोन-तीन फेरे पान्याने नाही, बोटांनी द्यायचे. बोटांनी फिरत नसेल तर आटे जुळलेले नाहीत, काढा आणि पुन्हा लावा.

सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणा. स्पिंडलच्या आट्यांना, हँडलच्या दात्यांना आणि ओ-रिंगला (रबरी कडीला) बोटाने पातळसं लावा. आधी माझ्याकडे व्हॅसलिन होतं, ते मी लावायचे. पण ओ-रिंग ईपीडीएम रबराची असेल तर पेट्रोलियमच्या तेलांनी आणि ग्रीसने ती फुगते आणि मऊ पडते, मग नळ जड फिरतो. सिलिकॉनला ती अडचण नाही, आणि पाण्याने ते धुऊनही जात नाही. आट्यांत ग्रीस असलं की पाण्याला आत शिरायला जागा उरत नाही, त्यामुळे क्षारालाही.

लोखंडी स्क्रू परत लावू नका. तेवढ्याच मापाचा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या, तोही ग्रीस लावून.

टेफ्लॉन टेप फक्त भिंतीत जाणाऱ्या आट्यांवर. स्पिंडल आपल्या ओ-रिंगवर किंवा वायसरवर बसतो, त्याला टेपची गरज नसते. टेप लावली की तो पूर्ण बसत नाही, मग आपण जास्त आवळतो. भिंतीकडच्या आट्यांवर टेप आवळायच्या दिशेने, म्हणजे आट्यांचं टोक आपल्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे गुंडाळा, नाहीतर आवळताना ती उलगडते. आपल्याकडची पातळ टेप असेल तर दहा-बारा फेरे सहज लागतात. त्यावर एम-सील लिंपू नका. पुढच्या वेळी ते सोडवणारा माणूस बहुतेक तुम्हीच असाल.

आणि किती आवळायचं? स्पिंडल हाताने पूर्ण बसला की पान्याने पाव फेरा. पाणी सुरू करा, नळ बंद ठेवून नटाभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर आणखी थोडा. कोरडा राहिला तर पाना पेटीत. मागच्या जानेवारीत मी असाच बसवलेला स्पिंडल या नोव्हेंबरमध्ये पुन्हा काढला. सायकल ट्यूब गुंडाळली, पाना बाजूलाच पडला होता, आणि नट हातानेच फिरला. सासूबाई दारात फडकं घेऊन उभ्याच राहिल्या.